तिसरी ओहोटी आणि तरे मॅडम

डॉ. वनिता तरे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते उल्हासनगर कॅम्प चारमधल्या आमच्या वर्कशॉपच्या दारात. ओतकामाच्या कारखान्यांना लागणारे लाकडी साचे आम्ही बनवत असू. वडील गावी गेले होते, त्यामुळे त्या दिवशी वर्कशॉप माझ्यावर होते. शेजारच्या गाळ्यातले खेमचंद अंकल त्यांना घेऊन आले आणि म्हणाले, "संजू, मॅडमको जहाज मंगता है. मैंने बोला, कॅम्पमें जीन्स मिलेगी, जहाज किधर मिलेगा?"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी हातातला गुंडाळलेला नकाशा माझ्या रंध्याच्या टेबलावर उलगडला, चार कोपऱ्यांवर माझीच चार अवजारे ठेवली आणि म्हणाल्या, "एक मीटर लांबीचं जहाज हवंय. पण ते कुठे जाणार नाही. एका जागी बांधून ठेवायचं आहे."

वरची केबिन, टाक्या वगैरे कशा करायच्या, असे मी विचारले. त्यांनी मान हलवली. "वरचं काही नको. मला पाण्याखालचा भाग बरोबर हवा."

तीन आठवड्यांनी त्या जहाज न्यायला आल्या. त्यांनी ते उलटे केले, डोळे मिटले आणि बोटांची टोके तळावरून हळूहळू फिरवत नेली. मागच्या बाजूला एका जागी बोटे थांबली. "इथे जरा जास्त राहिलंय," त्या म्हणाल्या. मी माप लावले. अर्धा मिलिमीटर जास्त होते. ज्या चुकीवरून माझा स्वतःचा हात दहा वेळा फिरला होता, ती त्यांना एका फेरीत सापडली. त्यांच्याबद्दल मनात आदर निर्माण झाला त्याआधी, खरे सांगायचे तर, किंचित भीती निर्माण झाली.

मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्या संशोधनावर जाणकार मंडळी लिहितीलच. मी लाकूडकाम करणारा माणूस. त्या दिवशी जहाज घेऊन त्यांच्यासोबत अंबरनाथला गेलो आणि तिथेच कामाला राहिलो, त्याला आता नऊ वर्षे झाली. या नऊ वर्षांत त्यांच्या शेजारी उभे राहून जे पाहिले तेवढेच सांगण्याचा मला अधिकार आहे.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका बंद पडलेल्या कारखान्याची लांबलचक शेड आमच्या जलसंशोधन संस्थेने प्रयोगशाळेसाठी घेतली होती. बाहेरून पत्रे गंजलेले. आत शिरले की पायाखाली एक अख्खे बंदर पसरलेले दिसे. सिमेंटमध्ये घडवलेला किनारा, खाडीची तोंडे, धक्के, समुद्राचा उंचसखल तळ, सगळे तीनशेपट लहान केलेले. एका टोकाला पंप होते. ते पाणी चढवत आणि उतरवत. खऱ्या समुद्रात भरती येऊन ओसरायला बारा तासांहून अधिक वेळ लागतो. आमच्या शेडमध्ये ते सगळे पंचवीस मिनिटांत होई. पहिल्या दिवशी मी तिथे उभा होतो. पंपांचा घरघराट चालू होता आणि डोळ्यांदेखत किनारा उघडा पडत होता. काही न करता नुसते उभे असताना माझ्यासमोर एक दिवस गेला, रात्र गेली, पुन्हा दिवस गेला. बाहेर येऊन घड्याळ पाहिले तर अजून जेवणाची सुट्टीही झाली नव्हती.

काम होते ते एका तरंगत्या गॅस टर्मिनलचे. परदेशातून अतिशय थंड करून, द्रवरूपात आणलेला गॅस एका मोठ्या जहाजावर साठवायचा, समुद्राचे पाणी वापरून तो पुन्हा गरम करायचा आणि नळाने किनाऱ्यावर पाठवायचा. हे जहाज बंदरात कायमचे बांधलेले राहणार होते. तेवढे अवजड धूड एका जागी उभे केल्यावर भोवतीच्या पाण्याचे काय होईल, ते आम्ही तपासायचे होते.

मॅडमचे घराणे मूळचे मिठागरावर काम करणारे. आजोबा आणि वडील गुडघाभर चिखलात उभे राहून भरतीचे पाणी वाफ्यांत घेत. मिठागरे गेली, वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात लागले आणि कुटुंब बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात आले. मॅडम शिकल्या, पाण्याच्या प्रवाहाच्या गणितात त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पण पाण्याविषयी बोलताना त्यांच्या तोंडी वडिलांचीच भाषा येत असे. 'प्रवाहाचा वेग शून्य झाला' असे त्या अहवालात लिहीत. आम्हाला मात्र म्हणत, "पाणी इथे थांबलंय. का थांबलं ते बघा."

त्यांच्या स्वभावाची ओळख पटवणारा एक प्रसंग आधी सांगतो. एका पावसाळ्यात उल्हास नदी चढू लागली. मी तेव्हा बदलापुरातच, शिरगावात राहत होतो. मॅडमच्या इमारतीत तळमजल्यावर एक कुटुंब होते, त्यांच्या वृद्ध आई अंथरुणाला खिळलेल्या. मदत लागेल म्हणून मी सकाळीच हेंद्रेपाड्यात गेलो. मॅडम पुलावरून नदी पाहून आल्या होत्या. त्यांनी जिन्याच्या भिंतीवर खडूने एक आडवी रेघ ओढली आणि सगळ्यांना सांगितले, "पाणी इथवर येईल. याच्या खालचं सगळं हलवा." रेघ माझ्या छातीच्या उंचीवर होती. लोक थोडे कुरकुरले, पण हलवाहलव झाली. त्या आजींना आम्ही चौघांनी गादीसकट उचलून मॅडमच्या घरी नेले आणि मॅडमच्या पलंगावर ठेवले. पुढचे सहा दिवस मॅडम जमिनीवर झोपल्या.

दुपारी पाणी जिन्यात शिरले. आम्ही वरच्या पायऱ्यांवर बसून पाहत होतो. ते पायरी पायरी चढत आले, खडूच्या रेघेपाशी पोचले, रेघेचा खालचा काठ ओला झाला आणि तिथेच ते थांबले. तासभर ते तसेच उभे होते. मग उतरू लागले. वरच्या मजल्यावरच्या एक बाई हात जोडून मॅडमकडे वळल्या. मॅडमना ते अजिबात आवडले नाही. "अहो, पुलाच्या खांबावर आकडे आहेत, धरणाचं पाणी किती सुटलं ते कळलं होतं, मी बेरीज केली," त्या म्हणाल्या. "मी काही पाण्याला थांबवलं नाही." हे त्या जवळजवळ रागावून म्हणाल्या. पण त्या दिवसापासून इमारतीतली लहान मुले त्यांच्या दारावरून जाताना आवाज करीत नसत.

आता त्या बंदराच्या कामाविषयी.

जहाज ठेवण्याआधी बंदराचे मूळचे पाणी कसे वाहते ते पाहायचे होते. त्यासाठी शर्टाच्या बटणाएवढ्या लाकडी चकत्या मी कापून दिल्या, पांढऱ्या रंगवून. प्रत्येकीवर आकडा. बंदराच्या सहा वेगवेगळ्या ठिकाणी त्या सोडायच्या आणि वरच्या कठड्यावरून कॅमेऱ्याने त्यांचा माग काढायचा. पहिल्या ओहोटीला त्या चहूकडे पांगल्या. काही धक्क्यांकडे गेल्या, काही बाहेरच्या समुद्राकडे. दुसऱ्या ओहोटीलाही कसला मेळ दिसला नाही. तिसऱ्या ओहोटीच्या शेवटी मी कठड्यावरून खाली पाहिले. बंदराच्या उत्तरेला तिवरांच्या झाडांच्या रांगेत एक छोटा खळगा होता, नकाशावर त्याला नावही नव्हते. बहुतेक चकत्या तिथे गोळा झाल्या होत्या आणि अगदी सावकाश, एकमेकींना न लागता, गोल फिरत होत्या.

आम्ही त्या काढल्या आणि जागा बदलून सोडल्या. तिसऱ्या ओहोटीला त्या पुन्हा तिथेच आल्या. आठवडाभर वेगवेगळ्या भरत्यांवर हेच करून पाहिले. संगणकावरच्या प्रतिकृतीचे काम संस्थेतले दुसरे सहकारी स्वतंत्रपणे करीत होते, त्यांना आम्ही काही सांगितले नव्हते. शुक्रवारी त्यांनी आपली छापील चित्रे आणून दिली. निळ्या ठिपक्यांचा पुंजका त्याच खळग्यात होता.

सगळे खूश झाले. दोन पद्धतींचा मेळ बसणे म्हणजे काम बरोबर असल्याची खूण. मॅडम मात्र तो कागद हातात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, "संजयराव, उद्या तिथे जाऊन येऊ. तिथे काय येतं ते विचारू."

खळग्याच्या वरच्या अंगाला एक कोळीवाडा आहे. तिथले जाणते हिराजी नाखवा आम्हाला त्यांच्या ओटीवर भेटले. मॅडमनी आधी त्यांच्या जाळ्यांची चौकशी केली, मासळीची केली. मग छापील कागद उलगडून पुंजक्यावर बोट ठेवले आणि विचारले, "नाखवा, या जागी काय लागतं?"

नाखवांनी चष्मा लावला. कागद पाहिला. चष्मा काढून ठेवला.

"तुमाला कोनी सांगलं?" त्यांनी विचारले.

"कोणी नाही. आम्ही लाकडाच्या चकत्या सोडल्या होत्या."

नाखवांनी कागद मॅडमकडे सरकवला. आतून त्यांच्या वहिनी, द्वारकाबाई, बाहेर आल्या होत्या. त्या दारात थांबल्या. मग नाखवांनीच सांगितले. बंदरात कोणी बुडाले, कुठेही बुडाले, तरी गावाने शोधत फिरायचे नसते. तिवरांत जाऊन बसायचे. तिथे माणूस येतो. त्यांचा भाऊ, म्हणजे द्वारकाबाईंचे यजमान, पार दक्षिणेच्या धक्क्याजवळ पाण्यात पडले होते. तेही तिथेच आले.

"किती वेळाने?" मॅडमनी विचारले.

"तिसरे ओहटीला," नाखवा म्हणाले. "आमचे बापजाद्यापासून तिसरे ओहटीलाच."

दुपारचे ऊन ओटीवर पडले होते. मॅडमच्या हातातल्या कागदाच्या खालच्या कडेला छापलेले होते, 'तिसऱ्या ओहोटीनंतरची स्थिती'. त्यांनी तो कागद हळूच घडी करून पिशवीत ठेवला. 

आम्ही निघालो तेव्हा द्वारकाबाई तिवरांच्या कडेपर्यंत सोबत आल्या. तो खळगा त्यांनी आम्हाला दाखवला. काही वेगळे नव्हते. चिखल, तिवरांची मुळे, कडेला कोणीतरी ठेवलेल्या दोन पणत्या. ओहोटी संपत आली होती. पाण्यावर एक नारळाची करवंटी, थोडा पेंढा आणि एक निळी चप्पल सावकाश गोल फिरत होती. शेडमध्ये आमच्या चकत्या फिरत तशाच, त्याच दिशेने. मला तिथे उभे राहवेना.

द्वारकाबाईंनी मॅडमना विचारले, "ते जहाज उभं रायलं का मंग आमची मानसं येतील का नाय हितं?"

आमच्या कामाच्या कागदपत्रांत हा प्रश्न कुठेही नव्हता. पाण्याचा वेग, गाळ, पाण्याचे तापमान, हे सगळे होते. मॅडम म्हणाल्या, "मला आत्ता माहीत नाही. बघून सांगते." हे शब्द त्यांनी तोंडदेखले उच्चारले नव्हते. परतताना गाडीत त्या म्हणाल्या, "प्रश्न अगदी नेमका आहे. आपल्याला कुणी असा नेमका प्रश्न विचारलाच नव्हता."

सोमवारी माझे जहाज शेडमधल्या बंदरात बांधले. त्याच्या कुशीत समुद्राचे पाणी आत घेणारे तोंड मी नळीने करून दिले होते. पाणी चढले, उतरले. वेग मोजणाऱ्या यंत्रांवर फरक नगण्य होता. आकडे पाहणाऱ्या कोणालाही वाटले असते की जहाज जणू तिथे नाहीच. तिसऱ्या ओहोटीला आम्ही सगळे कठड्यावर उभे राहिलो. खळग्याकडे पाहिले. खळगा रिकामा होता.

चकत्या जहाजापाशी होत्या. किनाऱ्याकडच्या बाजूला, जहाजाच्या अंगाला चिकटून, एका ओळीत. पाणी वाहत होते आणि त्या हलत नव्हत्या. दारावर येऊन कोणी आत घेण्याची वाट पाहत उभे राहावे, तशा त्या उभ्या होत्या. ते जहाज मी माझ्या हाताने घडवले होते. त्याला पॉलिश करताना मला फार अभिमान वाटला होता. त्या दिवसानंतर मी ते एकट्याने उचलायला कधी गेलो नाही.

मॅडमनी अहवालात हे सारे लिहिले. त्यांनी सरळ मांडले की प्रवाहाचा वेग बदलत नसला तरी पाण्याची वाट बदलते. बंदरात तरंगणारी प्रत्येक गोष्ट, तुटलेले जाळे, ओंडका, इंजीन बंद पडलेली होडी, शेवटी गॅसने भरलेल्या जहाजाला येऊन लागेल. जागा बदलावी. आणि एका स्वतंत्र परिच्छेदात त्यांनी द्वारकाबाईंचा प्रश्न, त्यांच्या नावानिशी, नोंदवला.

प्रकल्पाच्या बाजूने एक वरिष्ठ अधिकारी चर्चेला अंबरनाथला आले. माणूस सभ्य होता. "मॅडम, वेगात फरक नाही हे तुम्हीच लिहिलंय," ते म्हणाले. "तेवढं राहू द्या. मृत व्यक्ती कुठे जातात हे आपल्या कामाच्या कक्षेत येत नाही."

"जिवंत माणसांची होडी त्याच पाण्यात असते," मॅडम म्हणाल्या.

"हा परिच्छेद वाचून वरचे लोक हसतील."

"हसू द्या. पण आधी वाचू द्या."

आमच्या संस्थेच्या संचालकांनीही नंतर त्यांना समजावले. पुढची कामे याच लोकांकडून यायची होती. मॅडमनी अहवालातला एकही शब्द काढला नाही. उलट एक नाव वाढवले. पहिल्या पानावर संशोधकांच्या यादीत त्यांनी माझे नाव लिहिले होते. मी म्हणालो, "मॅडम, मी सुतार आहे." त्या म्हणाल्या, "चकत्या मोजताना कोण होतं? चूक निघाली तर तुम्हालाही उत्तर द्यावं लागेल, म्हणून नाव आहे." उपकार करताना तो उपकार वाटू नये अशी त्यांची पद्धत आहे. पुढे त्यांनीच मागे लागून मला संध्याकाळच्या वर्गाला पदविकेसाठी बसवले आणि गणिताचा प्रत्येक पेपर माझ्याआधी स्वतः सोडवून पाहिला.

अहवाल गेला आणि उत्तर आले नाही. मधल्या काळात त्याच जागी तळाची माती तपासण्यासाठी एक मोठा तराफा, ज्याला सगळे बार्ज म्हणतात, आणून उभा करणार असल्याचे कळले. दोन महिने तो तिथे असणार होता. आम्हाला कोणी काही विचारले नव्हते. मॅडम सकाळी शेडमध्ये आल्या आणि म्हणाल्या, "संजयराव, एक ठोकळा कापून द्या." बार्जच्या मापाचा ठोकळा मी तासाभरात कापून दिला. त्याच दिवशी आम्ही तो पाण्यात बांधला आणि चकत्या सोडल्या. ठोकळा जहाजापेक्षा कितीतरी लहान, त्यामुळे काही चकत्या खळग्यात गेल्या. बाकीच्या बार्जच्या किनाऱ्याकडच्या कोपऱ्यावर अडकून राहिल्या. काही तर पहिल्याच ओहोटीला.

मॅडमनी माझ्यासमोर नाखवांना फोन लावला. "बार्ज असेपर्यंत कुणी परतलं नाही, तर तिवरांत जाऊन बसू नका. आधी बार्जचा जमिनीकडचा कोपरा बघा. आणि तिसऱ्या ओहोटीची वाट बघू नका. पहिल्याच ओहोटीला निघा."

पलीकडून नाखवांनी कुणाला तरी पेन आणायला सांगितले. मग म्हणाले, "लिवून घेतो."

एक महिना गेला. मग एका सकाळी बंदरावर धुके उतरले, असे की धक्क्यावरून पाणी दिसेना. वारा उठण्याचा इशारा असल्याने बार्जवरचे काम थांबवले होते, माणसे किनाऱ्यावर आली होती. एक रखवालदार तेवढा दुसऱ्या टोकाच्या खोलीत जनरेटरशेजारी होता. द्वारकाबाईंचा धाकटा मुलगा प्रकाश आणि जावई, दोघे लहान होडी घेऊन पहाटेच गेलेले. दुपारपर्यंत त्यांचा पत्ता नव्हता. फोन लागत नव्हते.

गावाची रीत त्यांना ओढत होती. काही बायका तिवरांकडे निघाल्याही होत्या. द्वारकाबाईंनी त्यांना अडवले. "त्या बाईनं सांगलंय," एवढेच त्या म्हणाल्या, आणि दिराला घेऊन होडीत बसल्या. दुसरी होडी मागे. दुपारची ओहोटी सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता.

पुढचे मी नाखवांच्या तोंडून ऐकले आहे. धुक्यातून बार्जचा काळा पत्रा एकदम समोर आला. त्यांनी इंजीन बंद केले आणि कोपऱ्याच्या दिशेने होडी वाहू दिली. जनरेटरच्या आवाजात दुसरे काही ऐकू येत नव्हते. आधी एक उलटलेली होडी दिसली, बार्जच्या अंगाला चिकटलेली, पाण्याच्या दाबाने हलतही नव्हती. तिच्याशेजारी प्लॅस्टिकचे एक पिंप. मग दोन चेहरे. बार्जच्या बाजूला लोंबणाऱ्या टायरमध्ये दोघांनी हात अडकवले होते. ते ओरडून ओरडून थकले होते. पाणी त्यांच्या पायांना बार्जच्या खाली ओढत होते. प्रकाशने नंतर सांगितले की धुक्यातून होडी येताना त्याला समोर आईचा चेहरा दिसला, तेव्हा आपण मेलो आहोत आणि ती तिवरांत बसली आहे, अशी त्याची खात्री झाली होती.

दोघांना ओढून घेतले. दोघे जगले.

संध्याकाळी मॅडमना फोन आला तेव्हा त्या शेडमध्ये होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी फोन ठेवला, प्रतिकृतीच्या कडेला जाऊन बसल्या आणि पाय सिमेंटच्या समुद्रात सोडले. शेड बंद करायची वेळ झाली होती. आम्ही कोणी त्यांना उठवले नाही. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "मी आकडे बरोबर आहेत का ते बघत होते. ते खरे आहेत, हे इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा कळलं."

त्यानंतर तेच अधिकारी पुन्हा अंबरनाथला आले, या वेळी अहवालाच्या प्रतीत जागोजागी खुणा करून. द्वारकाबाईंच्या परिच्छेदाला त्यांनी दोन वेळा अधोरेखित केले होते. आम्ही पुढचे तीन महिने जहाज हलवत होतो. थोडे बाहेर, थोडे वळवून, पुन्हा मोजणी. अखेर बाहेरच्या खोल पाण्यात एक जागा सापडली, जिथे जहाज असताना चकत्या तिसऱ्या ओहोटीला आपल्या खळग्यात परत येत. प्रस्ताव त्या जागेसाठी नव्याने दाखल झाला. टर्मिनल अजून उभे राहिलेले नाही. राहील तेव्हा तिथे राहील. मॅडमनी स्वतः कोळीवाड्यात जाऊन द्वारकाबाईंना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिले. "येतील," त्या म्हणाल्या. द्वारकाबाईंनी मान डोलावली.

गेल्या महिन्यात त्या बंदराची प्रतिकृती फोडायचे ठरले. शेडमध्ये दुसऱ्या कामाची जुळवाजुळव करायची होती. कामगार आले, दक्षिणेकडून फोडत उत्तरेला आले आणि त्या खळग्यापाशी थांबले. घण कोणी उचलेना. मीही उचलला नसता. मॅडमनी चपला काढल्या, आत उतरल्या, एकाच्या हातातला घण घेतला आणि म्हणाल्या, "हे सिमेंट आहे. ती जागा तिकडे आहे, तिला काही होत नाही." पहिला घाव त्यांनी घातला. त्यांचा आवाज स्थिर होता. न दिसणाऱ्या गोष्टींपुढे नम्र राहायचे, पण त्यांना घाबरून काम थांबवायचे नाही, हे मी त्यांच्याकडून शिकलो. ते मला पूर्ण जमलेले नाही.

मॅडमना साठ वर्षे पूर्ण होत असल्याचे मी परवा द्वारकाबाईंना फोनवर सांगितले. तुमच्याकडून काय लिहू, असे विचारले. त्या म्हणाल्या, "तिला सांग, एकदा आमचे गावान जेवाला ये. काम घेऊन नको येव."

हा निरोप मी जसाच्या तसा पोचवतो आहे. मॅडम, आपल्याला निरामय आणि दीर्घ आयुष्य लाभो. आपले डोळे, आपली बोटे अशीच तल्लख राहोत. आणि हरवलेल्या माणसाला कुठे शोधायचे, हे कुणाला फोन करून सांगण्याची वेळ आपल्यावर उभ्या आयुष्यात पुन्हा कधीही न येवो.

— संजय घाडगे